रिळवाल्या आत्याची शिसारी

मासा म्हटलं की आत्याला मळमळायचं. आणि बाईचा धंदा कुठला, तर गळ टाकणाऱ्यांची रिळं दुरुस्त करायचा. टेबल वडिलांचं, पेचकस वडिलांचे. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, वडिलांकडून मासेमारीचा नाद तेवढा उचलला आणि काम हिच्या गळ्यात पडलं. दादाची पोरं आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नग. रिळात खवले, सुकलेली बुळबुळ, कुजलेलं शेवाळ. एकानं तर रिळाच्या पिशवीत माशाचं शेपूट ठेवलं होतं आणि ती पिशवी भर उन्हात गाडीच्या डिकीत. वर हेच लोक ज्ञान पाजळणार, की आत्या, ब्रेक चांगला आवळून द्या. अरे बाबांनो, आवळून काय करणार? दोरीच्या टोकाला गळाची पिसांची खोटी माशी बांधतात, तो दोरा केसासारखा बारीक. मासा पळाला की रिळानं दोरी द्यायची, पण फुकट द्यायची नाही, त्याला ओढून घ्यायला लावायची. सैल सोडली तर गुंता, अडवून धरली तर दोरा तुटतो. आत बुचाची एक चकती धातूवर दाबून बसलेली असते आणि बाहेरची कळ फिरवली की तो दाब कमीजास्त होतो. एवढंच काय ते ड्रॅग. पण गाढवाला गुळाची चव काय, त्या बुचावर लोक मशीनचं तेल ओततात. आत्या नाकाला रुमाल बांधून ते सगळं पुसायची आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करायची.

त्यात दादा जिन्यावरून पडला. उजवा खांदा कामातून गेला. कोपराखालचा हात हलायचा, पण वर उचलायचं नाव नाही. ते एक वेळ परवडलं असतं. पण ज्या माणसानं जन्मभर चहाच्या साखरेवरून भांडणं केली, तो आता प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायला लागला. जेवतोस? बरं. झोपतोस? बरं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळच गेला होता. आत्याला माशांचीसुद्धा एवढी शिसारी आली नव्हती, जेवढी त्या गुळमुळीत बरंची आली.

एक दिवस वहिनी रीळ घेऊन आली. दादा गळाच्या काठ्या कुणालातरी देऊन टाका म्हणत होता. तिनं हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की एकदा डाव्या हातानं काठी धरून बघायचं. जमलं तर जमलं, नाहीतर सगळं वाटून टाकायचं. वहिनी म्हणाली, हा नाद सुटला तर माणूस खुर्चीतून उठणार नाही. आत्यानं तोंड वाकडं केलं, पण रीळ ठेवून घेतलं.

आजवर दादा काठी उजव्या हातात धरायचा आणि रिळाची मूठ डाव्या हातानं फिरवायचा. आता उलट करायचं होतं. रिळात एक बेअरिंग असतं, ते एकाच बाजूनं पकडतं. आपण दोरी गुंडाळताना ते मोकळं फिरतं, मासा ओढायला लागला की अडतं आणि मग ड्रॅग काम करतं. हात बदलला की ते काढून उलटं बसवायचं. आत्याच्या हातचा मळ होता तो.

पण रीळ उघडलं आणि तिला ओकारीच आली. दादा पडल्यापासून ते ओलंच पिशवीत बंद होतं. दोरीवर काळा चिकट थर आणि वास असा, की गटार परवडलं. तिनं मान फिरवून, बोटांच्या टोकांनी सगळं धुतलं, बूच सुकवलं, कसंबसं जोडलं. दोरी गुंडाळून, ओढून बघितल्याशिवाय ती कधी रीळ परत द्यायची नाही. पण ती दोरी? शी! तिनं ती साबणाच्या बादलीत टाकली आणि वहिनीला सांगितलं, घरी दादाला गुंडाळू दे, तेवढाच हाताला चाळा. वहिनीनं सगळं नेलं, दादानं मुकाट्यानं दोरी गुंडाळली.

नदीवर तिघंही गेली. चिखल, माश्या, काठाला फेस. आत्या दगडावर अंग चोरून बसली. दादानं डाव्या हातानं दोरी फेकली, वेडीवाकडी, पण फेकली. बऱ्याच वेळानं मासा लागला. आणि रीळ भिंगरीसारखं सुटलं. ड्रॅग नावाला नाही. दोरीचा हा गुंता झाला, दोरा तटकन तुटला, मासा गेला.

"सुटला बिचारा, बरं झालं," दादा म्हणाला आणि काठी वहिनीकडे दिली. "देऊन टाक आता कुणालातरी."

वहिनीचा चेहरा बघवेना. आत्या तणतणत उठली आणि त्या बुळबुळीत गुंत्यासकट रीळ हातात घेतलं. मूठ फिरवली तर दगडासारखी जड. गुंडाळायला जड आणि सोडायला मोकळं, म्हणजे बेअरिंग जसं होतं तसंच बसवलेलं. मान फिरवून काम केलं, त्याचं हे फळ. तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"दादा, घरी गुंडाळताना हे जड लागलं नाही तुला?"

"लागलं की."

"मग बोलला का नाहीस?"

दादा पाण्याकडे बघत होता. "मला वाटलं, हातच गेलाय माझा."

तिथंच चिखलात बसून आत्यानं रीळ उघडलं. रुमाल कुठं पडला कुणास ठाऊक. बेअरिंग काढलं, उलटं केलं, बसवलं, गुंता सोडवला आणि रीळ परत काठीवर चढवलं. काठी दादाच्या डाव्या हातात दिली आणि त्याचा उजवा हात धरून मुठीवर ठेवला.

दादानं मूठ फिरवली. थांबला. परत फिरवली. मग कितीतरी वेळ तो नुसता फिरवत राहिला, आणि वहिनीला म्हणाला, "ती खोट्या माश्यांची डबी दे बघू इकडं. आणि ही नको, ती काळ्या पिसाची काढ. कितीदा सांगायचं तुला?"