न जाळलेला फ्यूज

सकाळी दुकान उघडलं की राजाराम आधी दर्शनी काचेवरून बोट फिरवायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. "आज खारं जास्त आहे," असं काहीतरी पुटपुटून मगच आत पाऊल टाकायचे.

मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर त्यांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान. बंदराची हवा तांब्यापितळेला वर्षभरात हिरवं करते. कुणी महागडे स्पीकर आणले की राजाराम मागच्या सोनेरी कनेक्टरला लोहचुंबक लावून दाखवायचे. चिकटलं की म्हणायचे, "वरून सोनं, आतून लोखंड. नवरदेवासारखं."

"कोणत्या नवरदेवासारखं म्हणे?" कोपऱ्यात तारा सोलत बसलेली त्यांची बायको करुणा विचारायची.

फ्यूजच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. डबीवर छापलेल्या आकड्यावर ते विश्वास ठेवत नसत. दर डबीतला एक फ्यूज मुद्दाम जाळून बघायचे. तो वेळेवर वितळला तरच बाकीचे वापरायचे. स्वतः जळून स्पीकर वाचवायचा, एवढंच तर फ्यूजचं काम.

गेल्या जानेवारीत जयगडच्या बंदरातले अधिकारी संदेश खानविलकर परदेशी स्पीकरची जोडी घेऊन आले. रविवारी मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे यायचे होते. राजारामनी गंजलेले कनेक्टर बदलले. एका स्पीकरचा फ्यूजही बदलायला हवा होता. हवा तसा फ्यूज मात्र एकच मिळाला, मुंबईहून आलेला, सुटा. जाळून बघावा तर बसवायला उरणार नाही. शनिवारी दुपारी तो तळहातावर घेऊन ते बराच वेळ बसले. मग बसवला.

"तपासलाय ना?" खानविलकरांनी विचारलं.

"हो."

करुणाने मान वर केली. राजारामनी तिच्याकडे पाहिलं नाही.

महिनाभराने खानविलकरांचा फोन आला. फ्यूज बदललेल्या स्पीकरमधला ट्वीटर, बारीक आवाजाचा भाग, जळाला होता. "आमच्याकडे वीज खालीवर होते हो. तुमचा काय दोष?" स्पीकर दुकानात आला. उघडला तर ट्वीटर काळाठिक्कर आणि फ्यूज धडधाकट. राजारामनी त्या फ्यूजमधून दुप्पट, मग चौपट वीज सोडून पाहिली. तो वितळेचना.

पुढचे चार दिवस ते ताटावरून अर्धपोटी उठत राहिले.

"अहो, ते स्वतःच म्हणतायत विजेमुळे झालं. तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

"मी हो म्हटलं ना. तुझ्यासमोर."

"मी कुणाला सांगणार आहे?"

"तेच तर. माझ्यापायी तुलाही गप्प बसावं लागतंय."

पाचव्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते जयगडच्या एसटीने गेले.

आठवड्याने खानविलकर करुणाला भेटायला आले. ओट्यावर उभ्यानेच बोलले. "खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. 'तपासला नव्हता, खोटं बोललो,' एवढंच म्हणाले. मी चहा सांगतोय तोवर निघालेही." परतीची एसटी यायच्या आत थांब्यावरच राजारामच्या छातीत कळ आली होती आणि तिथेच ते गेले होते. "मी रागावलो नव्हतो हो, वहिनी," खानविलकर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. करुणाला ते पटलं. राजारामना ते कळलं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि ते खानविलकरांनाही ठाऊक नव्हतं.

खानविलकर परतल्यावर ती दारातच उभी राहिली. जयगडला निघाले त्या सकाळी याच दारात चपला घालता घालता राजाराम स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले होते, "दोन बांगडे ठेव गो माझ्यासाठी. मागच्यासारखे स्वतः खाऊन मांजराच्या नावावर खपवू नको."