नदीच्या पात्रातली अकरा पालं

योगिनी पेन्सिलीचं टोक चावायची. एसटीत चढली की आधी खिडकी उघडते का ते पाहायची. गोल काढताना श्वास रोखून धरायची. कुणी बातमी आणली की मध्येच अडवायची, "हे तुला सांगितलं कुणी? आणि तू सांगणार कुणाला?"

तिचं कामच तसं होतं. वाशीमच्या एका लहान कंपनीत ती संगणकप्रणाली आखायची. यंदा एका धरणाची इशारायंत्रणा तिच्याकडे आली. पाणी सोडण्याआधी खालच्या चौदा गावांना मोबाइलवर निरोप जाणार होता. कागदाच्या मधोमध तिनं गोल काढला, ती यंत्रणा. भोवती चौकटी काढल्या : चौकीदार, तलाठी, सरपंच, पोलीस पाटील. मग कोण काय कळवतो आणि कुणाला काय कळतं, त्याचे बाण. गोलाच्या आत काय चालतं ते या आकृतीत दाखवत नाहीत. बाहेरचा माणूस मात्र एकही सुटता कामा नये. चौकट नसेल त्याला निरोप जात नाही.

जानेवारीत रब्बीचं पाणी सुटणार होतं. तीच चाचणी ठरली. त्या सकाळी पाण्याचे फोटो काढायला योगिनी अनसिंग गावाच्या पुढं पुलावर उतरली आणि कठड्यावरून वाकली. खाली कोरड्या पात्रात पालं होती. अकरा. वीटभट्टीवर कामाला आलेली माणसं. चुली पेटल्या होत्या.

तिनं कंपनीच्या साहेबांना, राजपालसरांना फोन लावला.

"चौदाही गावांकडून 'निरोप मिळाला' आलं," साहेब खुशीत होते. "येताना पेढे आण."

"सर, पात्रात माणसं आहेत."

"कोणत्या गावची?"

"कोणत्याच नाही. भट्टीवाले आहेत. गेट बंद करा, सर."

"साडेनऊलाच उघडलं ग. सांगतो बंद करायला. पण सुटलेलं पाणी..."

सव्वादहा झाले होते. इथवर पाणी यायला तासभर लागतो, हे अहवालात तिनंच लिहिलं होतं.

ती घसरत खाली गेली. "पानी सोडलं हाये! वर चला!"

रुखमाबाई भाकरी थापत होती. शेजारी दोन वर्षांची नात, चंदा. "कोन व तू? काहून कल्ला करून राह्यली?"

तिचा नवरा किसनसिंग हसला. "मागच्या हप्त्यातबी एक जन असाच आला होता, पालं उठवाले. कागद दाखव."

"कागद नाही, काका. पानी येऊन राह्यलं."

"येऊ दे. पाय धुतो."

सगळे हसले. तिनं चंदाला उचललं आणि काठाकडं पळत सुटली.

"पोरगी नेली व! धरा तिले!"

अख्खी वस्ती मागं लागली. एक दगड तिच्या खांद्यावर बसला. ती थांबली नाही. काठावर किसनसिंगनं तिची वेणी धरली, काठी उगारली. तेवढ्यात खाली भांडी खणखणली. पाणी चुलींवरून गेलं होतं.

रुखमाबाईनं एकेकाचं नाव घेऊन माणसं मोजली. सगळी होती. तरी तिनं पुन्हा मोजली.

पुढचं पाणी सोमवारी सुटणार होतं. योगिनी तिथंच बसून नंबर लिहू लागली. अकरा पालांत मोबाइल चार. त्यातले दोन वाहून गेलेले.

"अन् आमी त परवा जऊळक्याच्या भट्टीवर चाल्लो," किसनसिंग म्हणाला. "तिकडं कोन येईन सांगाले?"

रविवारी आकृती साहेबांना पाठवायची होती. तिनं एक चौकट वाढवली, गोलापासून त्या चौकटीपर्यंत बाण नेला. आत कुणाचं नाव, कुठला नंबर लिहायचा ते तिला सुचेना. चौकट अजून कोरीच आहे.