दोन फाइली, एकच पाटी

मावशींना कुणी विचारलं, की तुमचं नेमकं काम काय, तर त्या सरळ सांगतात, "आवराआवर." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई विनय दाखवतायत. विनयाचा आणि मावशींचा छत्तीसचा आकडा आहे. त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतात, आणि तिथली आवराआवर आपल्याइतकी नीट कुणाला जमत नाही याची त्यांना पक्की खात्री आहे. मलाही आहे, पण मी ते त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. आधीच काय कमी आहे.

त्या कुणाच्या सख्ख्या मावशी नाहीत. वयानं सगळ्यांत मोठ्या आणि आवाजानंही, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं नाव. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खिडकीपाशी मावशींचं टेबल आणि त्याला चिकटून माझं. माझं काम त्यांनी केलेले बदल खऱ्या यंत्रांवर चालवून बघायचं. त्यामुळे माझ्या टेबलावर उघडे बोर्ड, वायरींची भेंडोळी आणि घरघरणारे पंखे यांच्याशिवाय काही नसतं, आणि मला सगळे बोर्डवाला म्हणतात.

मावशींचं घर मी पाहिलंय. तिथे आवराआवर औषधालाही सापडायची नाही. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर, छत्री फ्रिजवर. यजमान घराच्याच पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्तीचं दुकान चालवतात. माणूस शांत, पण एकदा माझ्यादेखत म्हणाले, "जगातल्या फाइली जागेवर लावते, आणि माझं भिंग बेसिनपाशी." मावशींवर ढिम्म परिणाम नाही. "फाइली जागेवर लावायचे पैसे देतात मला," म्हणाल्या.

तर त्या फाइलींबद्दल. एकाच यंत्रावर चार-पाच सिस्टिम एकदम चालवायच्या तर त्यांच्यावर एक घरमालक लागतो. त्याला हायपरवायझर म्हणतात. यातल्या प्रत्येक भाडेकरूला वाटतं, की मेमरीतली एक नंबरची खोली माझीच. प्रत्यक्षात कुणाचा एक नंबर म्हणजे यंत्रातली कितवी खोली, ते ठरवणारा नकाशा असतो, आणि तो वाचायची रीत काही हेडर फाइलींत लिहिलेली असते. बाकीच्या फाइली काम सुरू करण्याआधी या हेडर वाचून घेतात. आमच्या हेडर एका जुन्या चिपच्या फोल्डरात होत्या. पुढे नवी चिप आली. तिलाही त्याच लागत होत्या, तेव्हा कुणीतरी घाईघाईत नव्या फोल्डरातून थेट जुन्या फोल्डरात शिरायची वाट करून ठेवली. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. मावशी ते बघायच्या आणि चरफडायच्या. "शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून शिरतात मेले."

त्यांनी ठरवलं, की या सगळ्या हेडर उचलून एका सामायिक जागी ठेवायच्या. दोन्ही चिपच्या फोल्डरांत नावापुरती एकेक छोटी फाइल राहील आणि ती एवढंच सांगेल, की पुढचं सामायिक फाइलीत वाचा.

कर्नलच्या प्रत्येक कोपऱ्याला एक राखणदार असतो, आणि कुठल्या कोपऱ्याचा कोण याची एक यादी असते. त्याच्या होकाराशिवाय त्या कोपऱ्यात काही आत जात नाही आणि काही बाहेर येत नाही. बदल छोट्या तुकड्यांत त्याच्याकडे पाठवायचे; एकेक तुकडा म्हणजे पॅच, आणि सगळे मिळून मालिका. आमच्या कोपऱ्याचे राखणदार म्हणजे सर. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. ओळख ती मेलमधून आणि फोनवरच्या खोकल्यावरून. ते आता हे काम सोडणार होते. त्यांनी मावशींना फोन करून सांगितलं, "बाई, हा पसारा आवरा. वागणूक तसूभरही बदलता कामा नये. जमलं तर मालिकेतला शेवटचा पॅच यादीत तुमचं नाव घालणारा असेल. राखणदार म्हणून."

फोन ठेवल्यावर मी गमतीत म्हटलं, "आता तुम्ही नको नको म्हणणार असाल."

"कशाला म्हणू?" मावशी म्हणाल्या. "मला पाहिजे ते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कोपऱ्यात झाडू मारला. आता माझा कोपरा पाहिजे."

असं सरळ मागणारं माणूस मी फार थोडं पाहिलंय. मला बरं वाटलं आणि थोडी धास्तीही वाटली.

मालिका सरांकडे गेली. प्रत्येक पॅचवर मावशींनी एकच वाक्य लिहिलं होतं: फक्त जागा बदलली आहे, एका अक्षराचाही फरक नाही. सरांनी दोन-चार शंका काढल्या, मावशींनी त्या उभ्या उभ्या परतवल्या, आणि मालिका मंजूर झाली. त्या दिवशी मावशींनी सगळ्यांना चहा पाजला आणि चष्मेवाल्यालाही वर बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण त्यानं अभिनंदन केलं.

नवी आवृत्ती बाहेर पडायला थोडेच दिवस राहिले असताना माझा सगळ्यात जुना बोर्ड रुसला. त्यावरच्या भाडेकरू सिस्टिमला नेटवर्कवरून मोठी फाइल पाठवली, की ती मधेच गारठायची. पॅचच्या आधीचं कर्नल घातलं, की सुरळीत. नव्या चिपच्या बोर्डांवर सगळं ठणठणीत.

"मावशी, तुमच्या बदलानंतर होतंय हे."

"शक्य नाही. अक्षर बदललेलं नाही मी."

"मी कुठं म्हटलं बदललंत? गारठतंय एवढं खरं."

"तुझी वायर बघ आधी."

माझी वायर! मी तीनही वायरी बदलून त्यांच्यासमोर चालवून दाखवलं. भाडेकरू इमानदारीत गारठला. मावशींनी चष्मा चढवला आणि फाइली उघडल्या. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. वादात जिंकलो होतो तरी मजा येत नव्हती.

प्रत्येक हेडर फाइलीच्या माथ्यावर एक पाटी असते. कंपायलर, म्हणजे या फाइली वाचून त्यांचं यंत्राला कळेल असं कर्नल बांधणारा प्रोग्रॅम, फाइल वाचताना ती पाटी लक्षात ठेवतो. तीच पाटी पुन्हा दिसली, की ही आपली वाचून झालीय असं समजून तो अख्खी फाइल सोडून देतो. तीच गोष्ट दोनदा वाचली जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. मावशींनी जुन्या फोल्डरातली फाइल पाटीसकट जशीच्या तशी सामायिक जागी नेली. जुन्या जागी जी छोटी फाइल ठेवली, तिच्यावर हाताच्या सवयीनं तिथली जुनी पाटी लिहिली. म्हणजे जुन्या चिपच्या वेळी कंपायलर छोटी फाइल वाचायचा, सामायिक फाइलीकडे जायचा, तीच पाटी बघायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. नव्या चिपच्या छोट्या फाइलीची पाटी वेगळी होती, म्हणून तिकडे सगळं बरोबर चालत होतं.

कंपायलरनं तक्रार तरी करायची! पण दुसऱ्या एका फाइलीत कुणीतरी समजूतदारपणे लिहून ठेवलं होतं, की नकाशा वाचायची रीत सापडली नाही तर नंबर आहे तोच खरा धरा. भाडेकरूची एक नंबरची खोली म्हणजे यंत्रातलीच एक नंबरची. तिथे कोण राहतंय याची चौकशी नाही. मोठी फाइल आली, की नेटवर्क कार्ड दुसऱ्याच्या घरात सामान टाकत होतं.

मावशी म्हणाल्या, "खरंच अक्षर बदललं नाही रे मी. तेच बदलायचं होतं."

त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "मावशी, असा बोर्ड आता कुणाकडे आहे? पुढच्या कुठल्यातरी पॅचमध्ये ती पाटी बदलून टाका. अळीमिळी गुपचिळी."

"आणि राखणदार कोण म्हणून विचारलं तर? तीच का, जी गुपचूप पाट्या बदलते?"

त्यांनी सगळ्यांना दिसेल असा मेल लिहिला. चूक कुठे आहे, कुणाची आहे, कशानं दिसली, सगळं उघड. शेवटी लिहिलं, की आवृत्ती तोंडावर आलीय, इतक्या उशिरा घाईची दुरुस्ती घालण्यात अर्थ नाही, सरांनी सबंध मालिका काढून टाकावी. सबंध म्हणजे नावाचा पॅचही त्यात आला. मेल पाठवल्यावर त्या थंड झालेला चहा तसाच प्यायल्या.

दुपारी यजमानांचा फोन आला. भिंग सापडत नव्हतं. "फ्रिजच्या बाजूला बघा," मावशी म्हणाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अहो, ते नाव जाईल बहुतेक. माझीच चूक." पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही. मावशी म्हणाल्या, "नको, दुकान कशाला बंद करता." मग डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून, "काय बघतोस? बोर्ड चालव तुझा."

सरांचं उत्तर ऊन खिडकीवरून सरकल्यावर आलं. मावशींनी मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"बाई, चूक समजली. मालिका काढायची की दुरुस्त करून ठेवायची, हे राखणदारानं ठरवायचं असतं. तुमच्या नावाचा पॅच मी मालिकेतून वेगळा करून गेल्याच आठवड्यात वर, सगळं कर्नल जोडणाऱ्यांकडे, पाठवला होता, तो आत गेलाय. राखणदारांची यादी बघा. माझं नाव तिथे आता नाही. मला काय विचारता?"

आम्ही यादी उघडली. खरंच, आमच्या कोपऱ्यासमोर एकच नाव होतं.

मी म्हटलं, "सुटलात मावशी! आता पाटी बदला आणि ठेवून द्या. कोण विचारणार? तुम्हीच राखणदार."

"म्हणून तर," मावशी म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आपल्याच मालिकेतला एकेक पॅच उलटा करून, म्हणजे बदल मागे घेऊन, कर्नल पुन्हा बांधून, माझ्या जुन्या बोर्डावर मोठी फाइल पाठवून बघायला लावली. फाइल सुखरूप पोचली. मग त्यांनी कारणाच्या जागी लिहिलं, की काम चांगलं आहे पण पुरेसं तपासलेलं नाही, पुढच्या फेरीला दोन्ही चिपवर चालवून पुन्हा पाठवावं.

"कुणाकडे पाठवावं?" मी विचारलं.

"माझ्याकडे," मावशी म्हणाल्या, आणि राखणदार म्हणून पहिली सही करून त्यांनी स्वतःचं काम परत पाठवलं.