मामाजी आणि टफन काच

अकोल्यापासून अमरावतीपर्यंत असं एकही काचेचं दार नसेल, ज्यावर माझ्या बायकोच्या मामांनी बोटाच्या पेरानं टकटक केली नाही. अकोल्यात त्यांचं काचेचं दुकान आहे, पण ते निमित्त. मंगल कार्यालयात वऱ्हाडी अक्षता टाकत असतात आणि मामाजी दारापाशी वाकून काचेच्या कोपऱ्यातला टफनचा, म्हणजे कडक केलेल्या काचेचा, शिक्का शोधत असतात. भाच्यासाठी दर्यापूरला मुलगी पाहायला गेले, तेव्हा पोह्यांची बशी हातात येताच म्हणाले, "पोरगी झाक आहे, पन जिन्याची काच साधी आहे. साखरपुड्याच्या आधी बदलून घ्या." मुलीच्या बापानं मुकाट्यानं बदलली!

त्यांच्या पिशवीत चष्मा, तंबाखू, छोटी हातोडी आणि टफनचा एक तुकडा कायम असतो. समोरच्यानं नुसतं "फरक काय?" विचारायचा अवकाश, मामाजी सुरू. "साधी फुटली का सुऱ्या होतात, जवाई. टफन फुटली का साबुदाना. भट्टीत तापवतात न मंग दोन्हीकून गार हवा मारतात, म्हनून तिच्यात दम." तुकड्याच्या मधोमध ते बिनधास्त हातोडी मारतात, कडेला मात्र कुणाला बोट लावू देत नाहीत. कडेला बसलेल्या टोल्यानं अख्खी काच जाते म्हणे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "एकदा भट्टीतून निघाली का ब्रह्मदेवालेबी तिच्यात भोक पाडता येत नाही. भोक आधी, भट्टी मंग!"

अमरावतीत घर बांधताना मी चिक्कूपणा केला. हॉल आणि गॅलरीच्या मधल्या दाराला साधी काच लावली आणि गप्प बसलो. वास्तूच्या दिवशी मामाजी आले, टकटक केली, वाकून चारही कोपरे पाहिले. खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले. पंगत बसली तरी उठेनात. माझी तीन वर्षांची मुलगी घरभर धावत होती. "मामाजी, जेवायला चला ना," मी म्हणालो.

"पोरगी धावून राहिली, दिसत नाही का तुमाले? मी उठलो का ती इथं आदळन. ताट इथंच आना."

दिवसभर तो म्हातारा माझ्या मुलीच्या आणि काचेच्या मध्ये बसून राहिला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. संध्याकाळी पाहुण्यांच्या घोळक्यात, प्रत्येकाला 'भोक आधी, भट्टी मंग' समजावत, त्यांनी स्वतः टेप लावून नव्या काचेचं माप घेतलं.

आठ दिवसांनी मामाजी कारागिराला घेऊन आले, सोबत काच. सुरेख, अखंड, कोपऱ्यात शिक्का. कारागीर मूठ बसवायला गेला आणि थांबला. मुठीची भोकं नव्हतीच. ज्या भोकांचं व्याख्यान वीस जणांना दिलं, तीच मामाजी कागदावर लिहायची विसरले होते.

मामाजी कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांचा चेहरा बघवेना. मी घाईघाईनं म्हणालो, "मूठ नकोच होती आम्हाला. कुलूप खाली आहे, दार ढकललं की उघडतं."

"खोटं बोलता येत नाही तुमाले, जवाई," ते हळूच म्हणाले. "चाळीस वर्सांत असं झालं नाही. आता डोक्यातून निघून जाते मानसाच्या."

आम्ही काच बदलू दिली नाही. मुलगी दोन्ही तळवे टेकवून दार ढकलते. तिच्या बोटांचे ठसे आता कुणी पुसत नाही.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. वरूडला एकाच्या जिन्याचं माप घ्यायचं होतं. "तुमाले सुटी असन तं चाला. मी सांगतो, तुमी लिवा." तेव्हापासून दर रविवारी मी वही घेऊन त्यांच्यासोबत जातो. ते टेप धरतात, टकटक करतात, घरमालकाला साबुदाण्याचं सांगतात. मी आकडे लिहितो आणि मग ते विचारतात, "काही राहिलं का, जवाई?" मी नाही म्हटल्यावरच ते टेप गुंडाळतात.