रेगेन्सबर्गच्या भिंतीवर भुसावळचं दार

जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्महून रेगेन्सबर्गला गेलो ते अबेनासाठी. घानाची ही चित्रकार दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता शिकली. मीही चित्रं काढायला कुणाकडे शिकलो नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्तच माया. बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांची तिची भलीमोठी चित्रं युरोपात विकली गेली, आणि त्या पैशातून तिने त्याच बायकांसाठी त्याच बाजारात स्टुडिओ उघडला. आता जाईल त्या गावी ती परक्या मुलखातून आलेल्यांबरोबर एक भिंत रंगवते.

सोबत माझी चौदा वर्षांची ईरा. "पापा, तुझं घर तिकडे. माझं इथे," असं मध्यंतरी जर्मनमध्ये सुनावून झालं होतं. भुसावळचं आमचं रेल्वे क्वार्टर बाबा रिटायर झाले तेव्हाच सुटलं; तिला दाखवू काय? निदान भिंतीवर काढून दाखवावं, हा माझा बेत.

डॉइचलांडटिकेटवर, म्हणजे साध्या गाड्यांच्या महिन्याच्या पासवर, जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. हाइलब्रॉन, क्राइल्सहाइम, न्यूर्नबर्ग, तिन्ही ठिकाणी गाडी बदलावी लागली. डब्यात पोळीभाजी होती, वर स्टेशनवरचं गरम ब्रेत्सेल, पीळ घातलेला खारा पाव. जुन्या दगडी पुलावर डॅन्यूबसाठी थोडा वेळ राखून ठेवाच. पूल ओलांडला की निर्वासितांचं वसतिगृह, भिंत त्याचीच.

अबेनाचा नियम एकच: आपल्या घराचं दार आपण काढायचं नाही. आपण सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. ब्रश तिने ईराच्या हातात दिला.

"पायऱ्या तीन! चौथी कुठून आणलीस? आणि हा पोपटी झाला. रेल्वेचा हिरवा गडद असतो."

"या, या, पापा," तिचं जर्मनमधलं 'हो, हो'.

माझा हात ब्रशकडे गेलाच. "हात खिशात!" अबेना इंग्रजीत ओरडली. शेजारी रंग कालवणारे एक वयस्कर सीरियन गृहस्थ म्हणाले, "दोरी आणू का?"

मग हात खिशात घालून नुसतं सांगत राहिलो. कडी, जाळी, खालच्या बाजूला उडालेला रंग. दार झालं. ईरा थांबली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा कुठे बसायचे?"

माझे बाबा तिच्या जन्माआधीच गेले. "मधल्या पायरीवर," मी म्हणालो. "ड्यूटीवरून आले की बूट काढत."

तिने मधल्या पायरीवर नुसते बूट रंगवले.

"अगं, आजोबा?"

"ते कसे दिसायचे, ते तू सांगितलंच नाहीस."

परतीच्या गाडीत न्यूर्नबर्ग येईपर्यंत तेच सांगत होतो.

चित्र तिकडेच राहिलं, आणि तो पोपटी रंग अजून मला खटकतो. पण परवा जेवताना ईराने विचारलं, "आजोबा हसायचे कसे?" आता हे कसं सांगणार?

"चल तर, आत्याला विचारू." तिने माझ्या ताईला फोन लावला. "आत्या, मी ईरा. आजोबा कसे हसायचे? तू करून दाखव ना."

"अगं बाई, हे काय भलतंच!" म्हणत ताई खळखळून हसली, थेट बाबांसारखी. स्पीकर चालू होता. मी घास हातात धरून तसाच बसलो.