नांगरातून सुटलेली वाट

वडील गेल्यापासून मी टेकडीवर गेले नव्हते. गावामागच्या पडीक रानातून एक पायवाट त्या टेकडीवर जाते. वर एक सपाट दगड आहे. वडील त्यावर टेकत, दम खाली बसेपर्यंत गप्प राहत आणि मग बोलू लागत. घरात आम्ही दोघेही पुस्तकात डोके घालून बसणारे. आमची एकमेकांशी जी काही ओळख झाली ती त्या वाटेवरच झाली.

आश्विनातल्या एका सकाळी त्यांचे फिरण्यातले सोबती दारात उभे राहिले. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेले काका. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"पोरी, चप्पल घाल. आपली वाट चाललीय."

नगरपालिकेची हद्द वाढली होती आणि ते पडीक रान गावात आले होते. रानाच्या मालकाने तिथे प्लॉट पाडायचे ठरवून नकाशा मंजुरीला टाकला होता. काकांनी हरकत घेतली, की लोकांची वाट सोडा. मालकाचे म्हणणे, कागदावर वाटच नाही. आज नगरपालिकेचे साहेब जागा पाहायला येणार होते, आणि काल संध्याकाळी मालकाने ट्रॅक्टर लावून सगळे रान नांगरून घेतले होते.

"पाहायला काय ऱ्हायलं आता? ढेकळं," काका म्हणाले.

दगड वर तसाच राहील, पण तिथवर जायचे कुठून, एवढेच मनात घोळत होते.

रानाच्या कोपऱ्यावर आलो आणि दोघेही थांबलो.

सगळे रान काळेभोर उलथलेले. आणि त्याच्या बरोबर मधून, इकडे वळत, तिकडे मुरडत, एक हिरवा पट्टा थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलेला. दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडे आणि मधे आमची पायवाट. याआधी ती गवतात शोधावी लागे. आता आंधळ्यालाही दिसली असती.

मालक नुकतेच मोटारसायकलवरून उतरले होते. ट्रॅक्टरवाला बाहेरगावचा, चौसाळ्याचा. तो चाकाला टेकून भाकरी खात होता.

"हे कावून सोडलं बे?" मालक ओरडले.

"फळ लागलंय की, मालक. फळाच्या झाडावर नांगर घालत असतेत का? तुमी रान नांगर म्हणले. झाडं पाड म्हणले न्हाईत."

"मग मधलं तरी नांगरायचं!"

"मधी ट्रॅक्टर मावतो व्हय?"

नगरपालिकेचे साहेबही पोचले होते. नकाशाची गुंडाळी काखेत धरून ते एकदा रानाकडे, एकदा मालकांकडे पाहत होते. "ही झाडं कोणी लावली?"

"आमच्या वडलांनी," मालक पटकन म्हणाले.

काका आणि मालक एका वर्गातले. काका दोन पावले पुढे गेले. "तुझे वडील दोरी धरल्याबिगर मेथी पेरत नव्हते बे! त्यांनी अशी नागमोडी झाडं लावली? साहेब, ही झाडं आमी थुंकलोय."

"काय केलंय?"

"थुंकलोय! उतरताना सीताफळ खायचं आन बी फुर्रकन उडवायची. हिचे वडील लई लांब उडवायचे. ते पलीकडचं झाड हाय ना, बांधाजवळचं, ते त्यांचंच. शेळी पानाला तोंड लावीत न्हाई, म्हणून जगली सगळी. आन हा मालक! शाळा बुडवून आमच्यासंगं हाच थुंकत व्हता. साक्षीदार समोर उभा हाय!"

मालकांनी तोंड फिरवले, पण त्यांचे खांदे हलत होते.

आणि मला हसू फुटले. वडील गेल्यापासूनचे पहिले. तोंडावर पदर दाबला तरी थांबेना. उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आले, बांधावर बसून घ्यावे लागले. शब्द मोजून बोलणारे, चष्मा पुसत पुस्तक वाचणारे माझे वडील गाल फुगवून बी उडवताना दिसू लागले. ट्रॅक्टरवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि तोही हसू लागला.

"सोडतो," मालक शेवटी म्हणाले. "तीन फूट."

"तीन फुटात मी एकटा अडकंन!"

"पोट कमी कर."

"धा सोड."

"धा? बैलगाडी आणतो का काय?"

साहेब माझ्याकडे वळले. "ताई, तुमचं काय?"

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. "दोन माणसं शेजारी शेजारी बोलत जातील एवढी असावी," मी म्हणाले. "आणि झाडं राहावीत."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. वडिलांना खांदा द्यायला तेही आले होते. "सात," ते म्हणाले. "झाडं सोडून सात."

साहेबांनी तिथेच, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नकाशा पसरून, पेन्सिलीने वाट काढली. सरळ काढू लागले तेव्हा काका ओरडले, "वळवा, वळवा! तिथं झाड हाय!" नवी नक्कल करून तिच्यावर मालकांची सही घ्यायचे ठरले. मग मालकांनीच बांधाजवळच्या झाडाची पिकलेली सीताफळे तोडून सगळ्यांना दिली.

काकांची बी ढेकळात दूर गेली. मालकांची त्याहून दूर. साहेबांनी आधी इकडेतिकडे पाहिले, मग उडवली. मी गाल फुगवले, सगळा जोर लावला.

माझी बी माझ्याच चपलेवर पडली.

"वडलांचं नाव घालवलंस, पोरी," काका म्हणाले. "उद्यापासून रोज यायचं."