तिसऱ्या सेलची खिडकी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भिमाजी पगारे यांनी तीस वर्षं अशा खोलीत काढली, जिथे सगळं सुरळीत असेल तर काहीच घडत नाही. ती बॅटरी रूम. लाकडी घोड्यांवर एकशे दहा सेल, ॲसिडचा वास आणि भिंतीत एक पंखा. केंद्राची स्वतःचीच वीज गेली, तर वेगात फिरतच राहणाऱ्या मोठ्या यंत्राला तेल पोचवणारा पंप या बॅटऱ्यांवर चालतो. तसं दोनदा झालं. दोन्ही वेळा पंप चालला, आणि भिमाजींचं नाव कोणी घेतलं नाही. त्यांनाही ते वावगं वाटलं नाही.

एकशे दहा सेलचे व्होल्ट रोज मोजणं होत नाही. म्हणून तिथे नमुन्याचे दोन-चार सेल ठरलेले असतात. रोज तेवढेच मोजायचे, आणि सगळे महिन्यातून एकदा. भिमाजींच्या हाताला हीच सवय होती.

२००६ सालच्या दिवाळीनंतर जयराम शेवाळे त्यांच्याकडे आले. जयराम नाशिकरोडच्या कॉलनीतले शेजारी, सातपूरच्या कारखान्यात लाकडी साचे करणारे कारागीर. चार वर्षं खपून त्यांनी एक विमान बनवलं होतं. आठ फुटी पंख, पेट्रोलचं इंजिन. जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं.

"पेट्रोलवर चालतं ना? मग बॅटरी कशाला?" भिमाजींनी विचारलं.

"इंजिनाच्या ठिणगीला एक छोटी लागते, ती आहे माझ्याकडे. प्रश्न दुसरीचा आहे. रेडिओ आणि शेपटी-पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या सात मोटारी तिच्यावर. ती बसली की विमान माझं ऐकायचं थांबेल. इंजिन मात्र चालूच."

"म्हणजे आमच्या पंपासारखंच."

"म्हणून तर आलो. दुकानदार तीन प्रकार दाखवतो आणि तिन्ही उत्तम म्हणतो. हे पडलं तर दुसरं बनवायला माझे डोळे राहिलेले नाहीत, भिमाजी."

भिमाजींनी तिन्ही प्रकार आणायला लावले. पहिली बॅटरी पेन्सिल सेलची. दुसरी जाडजूड निकेल-कॅडमियम सेलची, हातातल्या ड्रिल मशीनमध्ये असतात तसल्या. तिसरी लिथियमची, वजनाला अगदी हलकी. मीटर लावला तर पेन्सिल सेल आणि जाड सेल दोन्ही साडेसहा व्होल्टच्या आसपास. जयराम म्हणाले, "सारख्याच की."

"बसलेल्या माणसाकडे बघून तो किती ओझं उचलेल ते कळतं का?" भिमाजींनी जीपच्या हेडलाइटचा जुना बल्ब काढून जोडला. पेन्सिल सेल काही मिनिटांतच पाचच्या खाली आले. जाड सेल सहाच्या जवळ ठाण मांडून राहिले. लिथियमचा विजेचा दाब या मोटारींना जास्त होता. तो उतरवायला मध्ये आणखी एक उपकरण लागणार होतं. भिमाजींनी ती बाजूला ठेवली. जास्तीचं उपकरण म्हणजे बंद पडायला जास्तीची जागा.

"जाड सेल जड आहेत," ते म्हणाले.

"असू देत. तोल साधायला नाकात शिसं घालावंच लागणार होतं. त्याऐवजी हीच घालू, इंजिनाच्या पाठीला."

पाच जाड सेलची बॅटरी तशी बसली. भिमाजींनी तिच्या वेष्टणाला मधल्या, तिसऱ्या सेलवर एक छोटी खिडकी कापली. महिनाभर जयराम अंगणात विमान बांधून इंजिन चालवत. नंतर भिमाजी बल्ब लावून तिसरा सेल मोजत आणि वहीत लिहीत. आकडे एका रेषेत होते.

उडवायचा दिवस रविवारचा ठरला. जागा नांदगावजवळचा माळ, जयरामांची बहीण सरुबाई हिच्या शेताला लागून. विमान जीपमधून आलं. जयरामांनी एकदा इंजिन तापवून बंद केलं. भिमाजींनी खिडकीतून मोजलं. एक पूर्णांक चोवीस व्होल्ट. उत्तम.

सरुबाई भाकऱ्यांचं फडकं सोडत बघत होती. "भाऊ, पाच हायेत म्हणता ना? मग एकाचीच नाडी का बघता? बाकीचे चार काय सावत्र हायेत?"

भिमाजी हसले. "ताई, सगळे एकाच खोलीत, एकच काम करतात. एकावरून बाकीच्यांचं कळतं."

समजावताना त्यांचा हात बॅटरीवर होता. पुढचं टोक चांगलंच ऊन लागत होतं, मागचं गार. बॅटरी रूममध्ये शेजारचे दोन सेल असे वेगळे त्यांना कधी लागले नव्हते. पण ती खोली हलत नव्हती.

"जयराम, चाकू दे."

"आता? वारा पडलाय, हीच वेळ आहे."

"दे तर."

त्यांनी सगळं वेष्टण उतरवलं, बल्ब लावला आणि एकेक सेल मोजला. इंजिनाला चिकटलेला पाचवा सेल बघता बघता अर्ध्या व्होल्टवर आला. महिनाभर हादरे आणि उष्णता सगळ्यात जास्त त्यानेच सोसली होती.

"चूक माझी," भिमाजी म्हणाले. "तिथली रीत उचलली आणि इथे तशीच लावली. महिना झाला, सगळे मोजायला हवे होते."

जयराम बराच वेळ विमानाच्या पंखावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जेवून घेऊ."

"बघा, नाडी बघाया लावली मीच," सरुबाई म्हणाली. "पहिली भाकरी या भाऊंना नाय, मला."

तीन आठवड्यांनी ते पुन्हा त्याच माळावर आले. नवे पाच सेल, खाली जाड फोम, इंजिनापासून चार बोटं मागे, आणि वेष्टणाला पाच खिडक्या. विमान उठलं, शेतावरून बराच वेळ मोठ्या घिरट्या घातल्या आणि धूळ उडवत उतरलं. जयराम पळत आले, तोवर भिमाजी बल्ब लावून बसलेही होते.

"कसं उडालं?" जयरामांनी विचारलं.

"आठ मिनिटं दहा सेकंद. पाचही सारखे."

"अरे, विमान पाहिलंस का?"

भिमाजींनी वहीत पाचवा आकडा लिहिला. "घड्याळ बघत होतो. या आकड्यांवर अजून एक फेरी आरामात निघेल."

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी सरुबाईच्या हातात दिलं. "ताई, दहा मिनिटं झाली की हाक मारा." आणि ते माळाच्या मध्यावर जाऊन मान वर करून उभे राहिले. इंजिन अजून सुरूही व्हायचं होतं.